न्हावा शेवा, चाबहार आणि दोन डगरींवरचे पाय

२०२४ च्या १३ एप्रिलला इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड्सनी होर्मुझजवळ हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरवून एमएससी एरीज नावाचं कंटेनर जहाज ताब्यात घेतलं. जहाज यायचं होतं आपल्या न्हावा शेवाला, क्रू २५ जणांचा, त्यात १७ भारतीय, आणि इराणचा राग कोणावर तर इस्रायलवर, कारण जहाजाच्या मालकीचा धागा एका इस्रायली उद्योगपतीपर्यंत जात होता. आणि बरोब्बर एका महिन्याने, १३ मे ला, आपले शिपिंग मंत्री सर्बानंद सोनोवाल तेहरानमध्ये इराणमधलं चाबहार बंदर आपण चालवायच्या दहा वर्षांच्या कराराला हजर होते, त्याच इराणबरोबर. तेव्हा त्या १७ जणांपैकी काहीच जण घरी पोचले होते.

मी क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या लाइनमध्ये आहे, आमच्या ग्रुपवर तेव्हा लोक जाम भडकले होते. आपली पोरं धरून ठेवलीयत आणि आपण सह्या काय करतोय, काही कणा आहे की नाही, अशी भाषा. राग समजू शकतो, बोटीवर असलेल्या माणसाच्या घरी अशा वेळी काय चालतं ते आम्ही जवळून बघतो. पण करार केला ते बरोबरच केलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, आणि का ते जरा नीट लिहायचंय कारण टीव्हीवर हा विषय कायम भारत कोणाच्या बाजूने इथेच येऊन अडकतो.

पाकिस्तान आपला माल त्यांच्या रस्त्याने अफगाणिस्तानात जाऊ देत नाही, मग तिकडे आणि पुढे मध्य आशियात जायचं तर इराणच, म्हणजे चाबहार. ड्रोन, रडार, क्षेपणास्त्रं इस्रायलकडून. तेल आणि जवळपास ९० लाख भारतीयांचा रोजगार आखातातल्या अरब देशांत, रत्नागिरी-रायगडमधली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. यातलं नेमकं काय तोडायचं?

आणि हे फक्त आपलं नाहीये, त्या भागातला प्रत्येक मधल्या फळीतला देश हेच करतोय. सौदीचं बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये अबकैकच्या तेल प्रकल्पावर हल्ला झाला, देशाचं जवळपास निम्मं उत्पादन एका झटक्यात बंद. अमेरिकेने बोट इराणकडे दाखवलं पण इराणवर बॉम्ब काही टाकले नाहीत. वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर बसलो तो ऐनवेळी येईलच असं नाही, हा धडा रियाधने घेतला आणि मार्च २०२३ मध्ये चीनला मध्ये घालून बीजिंगमध्ये इराणशी तुटलेले संबंध परत जोडले. अमेरिका सोडली का तर नाही, शस्त्रं अजून तिचीच घेतात. कतारचं तर अजूनच अवघड, अल उदैदला अमेरिकेचा मोठा तळ आणि समुद्राखालचं जगातलं सगळ्यात मोठं गॅस क्षेत्र इराणबरोबर सामाईक. सगळ्यांशी जमवून घेऊनही २०२५ च्या जूनमध्ये अल उदैदवर इराणची क्षेपणास्त्रं आली आणि सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. आठ-दहा दिवसांत सौदीने पाकिस्तानशी संरक्षण करार करून टाकला.

म्हणजे दोन डगरींवर पाय ठेवला की देश सेफ, असं अजिबात नाही. माझं म्हणणं असं की हा खेळ खेळायला हातात काहीतरी लागतं. तुर्कस्तान यात मला सगळ्यात पक्का वाटतो, आणि काश्मीरवरून एर्दोगान जे बोलतात ते मला बिलकुल पटत नाही तरी हे म्हणतोय. १९३६ च्या माँत्रो कराराने काळ्या समुद्रात जायच्या वाटेची किल्ली त्यांच्याकडे, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी ती वाट युद्धनौकांना बंद केली, युक्रेनला बायराक्तार ड्रोन विकले, रशियाचा गॅस घेत राहिले, पश्चिमेच्या निर्बंधांत सामील झाले नाहीत आणि वर इस्तंबूलमध्ये धान्याचा करारही घडवला. दोघांनाही ते लागतात म्हणून चाललं. पण तिथेही बिल येतंच, रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली तर अमेरिकेने एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रोग्राममधून बाहेर काढलं.

उलट इजिप्त. सुएझ त्यांचा, पण येमेनमधल्या, इराणचा पाठिंबा असलेल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू केल्यावर ते भांडणात पडले नाहीत आणि थांबवूही शकले नाहीत, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि कालव्याचं उत्पन्न २०२३ मधल्या सुमारे हजार कोटी डॉलरवरून पुढच्या वर्षी चारशे कोटींच्या आसपास आलं. आमच्याकडे त्याची झळ निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांना बसली. ऐन सीझनमध्ये युरोपला जाणारे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं, वर वॉर रिस्क सरचार्ज, आणि घड नाजूक, पोचेपर्यंत देठ सुकला तर तिकडचा खरेदीदार लगेच भाव पाडतो. हुथी कोण हे त्या शेतकऱ्याला माहीतही नसेल.

या सगळ्यात आपण घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय माझ्या मते नौदलाचा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने तांबड्या समुद्रासाठी आघाडी काढली, आपण त्यात गेलो नाही, आपल्या झेंड्याखाली आपली जहाजं पाठवली. आयएनएस कोलकाताने मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स हे मालवाहू जहाज हुथींच्या माऱ्यात पेटल्यावर २१ जणांना वाचवलं, आणि त्याच महिन्यात ३५ सोमाली चाच्यांना इथे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. इराण दुखावला नाही, अमेरिका दुखावली नाही, माणसं वाचली. बाजू न घेणं म्हणजे घरी बसणं नव्हे, ते असं असतं.

चाबहारमध्ये मात्र आपण फार रेंगाळलो. २००३ पासून बोलणी, आणि टर्मिनल चालवायला आपल्या हातात आलं २०१८ च्या शेवटी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून चाबहारला दिलेली सूट काढून घेतली, मग सहा महिन्यांची परत दिली, म्हणजे दहा वर्षांच्या कराराचं भवितव्य वॉशिंग्टनमधल्या एका कागदावर. तिथे लवकर आणि मोठं काम उभं केलं असतं तर आपलंही पारडं थोडं जड असतं.

आणि ग्रुपवरच्या लोकांचं एक मला मान्य आहे. करार बरोबर, क्रम चुकला. इराणला तो हवा होता, निर्बंधांमुळे दुसरं कोणी तिथे पैसा लावायला येत नव्हतं, त्यामुळे तेव्हा आपल्या शब्दाला वजन होतं. एरीजवरचा शेवटचा माणूस विमानात बसल्याशिवाय पेन उघडायला नको होतं.