एकच खोटं सांगणारा मीटर

फोटो काढण्याआधी उजेड मोजणारा जुना लाइट मीटर हातात आला की माणूस आधी त्याचं रूप पाहतो. काचेवर ओरखडा नाही, चामड्याचं कव्हर शाबूत आहे, उजेडाकडे धरलं की काटा टुणकन उडी मारतो. झालं, मीटर चालू! विकणाराही बहुतेक वेळा एवढंच सांगतो: काटा हलतो. काटा हलतो म्हणजे आत जीव आहे, इतकंच. तो योग्य आकड्यावर थांबतो का, हा वेगळा प्रश्न, आणि तो न विचारता रोल घातला तर उत्तर थेट निगेटिव्हवर मिळतं.

थोडी चूक असण्याला माझी हरकत नाही. नवेकोरे मीटरसुद्धा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मोजमापाच्या सूत्रात जो स्थिरांक असतो तो सेकोनिक ही कंपनी १२.५ धरते, पेंटॅक्स आणि मिनोल्टा १४. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच स्टॉपच्या सहाव्या हिश्श्याचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). जुन्या मीटरकडून एकच मागणं असावं: खोटं बोलायचं तर बोल, पण रोज एकच बोल. सगळीकडे एकतृतीयांश स्टॉप कमी दाखवत असेल तर आयएसओ १०० ची (म्हणजे त्या वेगाची) फिल्म वापरताना तबकडीवर १२५ लावायचं, पूर्ण स्टॉप कमी दाखवत असेल तर २००. विषय मिटला. खरी पंचाईत उन्हात खरं आणि सावलीत खोटं बोलणाऱ्याची. त्याला कुठलाही आकडा लावा, तो कुठेतरी फसवणारच.

सेलेनियमचे मीटर म्हातारे होतात ते नेमके असे. यांना बॅटरी लागत नाही. सेलेनियमच्या पत्र्यावर उजेड पडला की तोच वीज तयार करतो आणि तीच काटा हलवते. वेस्टनने १९३२ मध्ये या तत्त्वावरचा मीटर बाजारात आणला आणि पुढे वेस्टन मास्टर ही मालिका कित्येक दशकं चालली. (हा एडवर्ड वेस्टन विद्युत उपकरणं बनवणारा, ढोबळी मिरची आणि वाळूच्या टेकड्या टिपणारा छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन वेगळा. नावांचा हा योगायोग अनेकांना चकवतो.) बॅटरी नाही म्हणजे बिघडणार काय, असं वाटतं. पण दमट हवा आत शिरते, सेलच्या (उजेड झेलणाऱ्या त्या पत्र्याच्या) कडेचा संपर्क गंजतो, पत्र्याची ताकद उतरते. भर उन्हात तरीही बरीच वीज तयार होते, त्यामुळे आकडा जवळपास बरोबर येतो. खोलीत मात्र काटा एक-दोन स्टॉप खालीच रेंगाळतो. म्हणून सेलेनियमचा मीटर फक्त अंगणात नेऊन तपासणं म्हणजे न तपासल्यासारखंच.

सेलकडे वळण्याआधी काट्याचं बघावं. सेल झाकला की काटा शून्यावर यायला हवा. झाकायचा तो काळ्या जाड कापडाने, तळहाताने नव्हे. बोटांमधून लालसर उजेड झिरपतो आणि संवेदनशील मीटर तोसुद्धा टिपतो. शून्य हुकलं असेल तर बऱ्याच मीटरांवर त्यासाठी छोटा स्क्रू असतो. बारीक पेचकसाने तो केसभर फिरवायचा. मग सेल झाकलेलाच ठेवून मीटर आडवा, उभा, कडेवर असा धरून पाहायचा. प्रत्येक वेळी काटा वेगळीकडे गेला तर त्याचा तोल बिघडलाय, बहुधा कधीतरी पडल्यामुळे. कधी काटा मध्येच अडकतो आणि टिचकी मारल्यावर सुटतो. हे दरवेळी यंत्राचंच दुखणं असतं असं नाही. प्लास्टिकची काच कोरड्या कापडाने घासली की तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती काट्याला ओढून धरते. भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेलं किंचित ओलसर कापड काचेवरून फिरवावं. काटा सुटला तर घड्याळजीकडची फेरी वाचली.

आता बॅटरीवाले. गोसेनचा लुनासिक्स ३ हा यातला नामांकित, उजेड टिपायला कॅडमियम सल्फाइडचा सेल असलेला. चंद्रप्रकाशासारख्या अंधुक उजेडातही मोजतो, पण तो बनला पाऱ्याच्या दोन पीएक्स ६२५ बॅटऱ्यांसाठी. त्यांचा दाब १.३५ व्होल्ट, आणि संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच. पाऱ्यामुळे त्या बाजारातून गेल्या. त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी सहज मिळते, खटकन बसते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ती १.५ व्होल्टला सुरू होते आणि वापरागणिक उतरत जाते. दाब जास्त म्हणून काटा वर चढतो. बॅटरी उतरली की काटाही उतरतो. म्हणजे आजचं खोटं वेगळं, महिन्याभरानंतरचं वेगळं.

या दोन चुकांच्या दिशा उलट्या आहेत, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. थकलेला सेलेनियम उजेड कमी सांगतो, म्हणून आपण फिल्मला जास्त उजेड देतो. निगेटिव्ह फिल्म एखादा स्टॉप जास्त मुकाट्याने पचवते. चुकीच्या बॅटरीवरचा मीटर उजेड जास्त सांगतो, आपण कमी देतो, आणि निगेटिव्हवर सावलीच्या जागी नुसती कोरी फिल्म उरते. जे टिपलंच गेलं नाही ते डार्करूममध्ये कुठून काढणार? स्लाइड फिल्मला मात्र दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात, त्यातही जास्त उजेडाची अधिक.

उपाय आहेत. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी साधारण १.४ व्होल्ट देते आणि स्थिर राहते. तिचा व्यास ११.६ मिलिमीटर, पीएक्स ६२५ चा १५.६; म्हणून भोवती रबरी रिंग घालून ती मधोमध बसवावी लागते. मीटरचा संपर्क बॅटरीच्या कडेवर असेल तर रबर चालणार नाही, धातूची रिंग हवी. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मगच आत ठेवायची. स्टिकर एकदा निघालं की वापरा अथवा नका वापरू, दोन-तीन महिन्यांत ती संपते. ज्यांना ही कटकट नको त्यांनी १.५५ व्होल्टची सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी आणि आत शॉटकी डायोड असलेला अ‍ॅडॅप्टर वापरावा. डायोड वरचा दाब खाऊन टाकतो. त्यातल्या त्यात शहाणपणाची निवड म्हणजे लुनासिक्स एफ. त्यात सिलिकॉनचा सेल आहे, साधी ९ व्होल्टची बॅटरी चालते, आणि काटा मधल्या खुणेवर आणून आकडा वाचायचा असल्याने बॅटरी थोडी उतरली तरी मोजमाप ढळत नाही.

कॅडमियम सल्फाइडच्या सेलला स्मरणशक्तीही असते, आणि ती त्रासदायक असते. उन्हात उघडा राहिलेला मीटर लगेच अंधाऱ्या खोलीत नेला तर तो काही मिनिटं उन्हाच्याच गोष्टी सांगत बसतो. तपासणी करताना हे विसरलं की चांगला मीटर नापास होतो.

तपासणी तशी सोपी आहे. एकरंगी, चकाकी नसलेली भिंत घ्यायची, जिच्यावर उजेड सारखा पसरलाय. डिजिटल कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त भिंतच येऊ द्यायची, आयएसओ १०० ठेवून आकडा टिपायचा. मग मीटर त्याच भिंतीजवळ न्यायचा, इतका जवळ की त्याच्या नजरेत दुसरं काही येऊ नये, पण आपली सावलीही पडू नये. सेलेनियमचे जुने मीटर बरंच रुंद पाहतात. हे चार उजेडांत करायचं: कडक ऊन, मोकळी सावली, खिडकीजवळची खोली आणि संध्याकाळचा दिवा. ईव्हीच्या (उजेडाची पातळी सांगणाऱ्या आकड्यांच्या) भाषेत साधारण १५, १२, ८ आणि ५. चारही ठिकाणी फरक तेवढाच आला तर मीटर घ्यावा, फरक कितीही असो. ० पासून सुरू होऊन २ पर्यंत वाढत गेला तर कपाटात शोभेला ठेवावा. कॅमेरा सोबत नसेल तर निरभ्र आकाशात, सूर्य चांगला वर असताना, उन्हातलं करडं कार्ड (मोजमापासाठी वापरतात तो प्रमाण करडा पुठ्ठा) आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१२५ सेकंदाच्या आसपास यायला हवं.

बॅटरीचं झाकण उघडून बघायला लाजू नये. बुरशीसारखा पांढरा-हिरवा गंज दिसला तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसावं आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावं. तिथून निघणारी तार काळी पडली असेल तर क्षार आतपर्यंत चढले आहेत. ती बदलावीच लागते. नवीन डिजिटल मीटरांमध्ये पाहायचं ते पडद्यावर पसरलेले काळे डाग आणि फ्लॅशच्या तारेचं सैल झालेलं सॉकेट, बाकी फारसं काही नाही.

सुटे भाग मात्र नीट मोजून घ्यावेत. वेस्टनचा इनव्हरकोन, म्हणजे पडणारा उजेड मोजण्यासाठी सेलवर बसणारा पांढरा शंकू, मास्टर २ आणि ३ चा वेगळा आणि त्यापुढच्यांचा वेगळा. चुकीचा बसतच नाही. मास्टर २ च्या तबकडीवर वेस्टनचे स्वतःचे आकडे आहेत, तिथे ८० म्हणजे आपलं १००. सेकोनिक एल-३९८ चा पांढरा घुमट पिवळा पडलाय का ते पाहावं. आणि त्याच मीटरची हमखास हरवलेली वस्तू म्हणजे भोकांची धातूची पट्टी, हाय स्लाइड. ती वरच्या खाचेत घातली की बत्तीसपट उजेड अडतो, म्हणजे बरोबर पाच स्टॉप. ती नसेल तर उन्हात काटा थेट शेवटच्या टोकाला जाऊन आदळतो. पट्टी नाही म्हणून चांगला मीटर सोडू नये: १.५ घनतेच्या न्यूट्रल जेलचा (रंग न बदलता उजेड कमी करणाऱ्या करड्या फिल्टरचा) तुकडाही जवळजवळ तेवढाच उजेड अडवतो. खाचेच्या मापाने कापून घुमटामागे बसवावा आणि आकडा तबकडीवरच्या ‘एच’ खुणेसमोर लावून वाचावा.