यूएसबी कूलरवर ताक थंड राहतं का? माझा अनुभव

दिवाळीला ऑफिसकडून जे खोकं आलं त्यातले काजू-बदाम आठवडाभरात संपले आणि लॅपटॉपला जोडून पेला थंड ठेवायचा यूएसबी कूलर तेवढा उरला. उशी ठेवायच्या कपाटात तो तसाच पडून होता. एप्रिल लागला, पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकला, घरून काम सुरू होतं आणि माझ्या खोलीत एसी नाही. दुपारी जेवणानंतर ताकाचा पेला घेऊन बसावं, एखादा कॉल लांबावा, आणि पेला हातात घ्यावा तर ताक कोमट. म्हटलं, काढू या बाहेर ते यंत्र.

यंत्र म्हणजे काय, तर तळहाताएवढी काळी बैठक, वर मध्यभागी अ‍ॅल्युमिनियमची चकती, खाली छोटा पंखा आणि मागे थंड-गरम असं बटण. लॅपटॉपला जोडून चकतीवर बोट ठेवलं तर मिनिटभरात खरंच गार लागायला लागली. किती अंशांपर्यंत थंड होतं याचा खोक्यावर लिहिलेला आकडा बहुधा ह्याच रिकाम्या चकतीचा असावा. तिच्यात वस्तुमान नसल्यातच जमा, त्यामुळे ती पटकन थंड होते आणि बघणारा खूश होतो. खरा प्रश्न वर पेला ठेवल्यावर सुरू होतो.

माझ्याकडे स्वयंपाकघरातला टोचायचा डिजिटल थर्मामीटर होता. शिवाय केबलच्या मध्ये बसणारा एक छोटा यूएसबी मीटर होता, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा. नुसतं ‘गार लागतंय’ यावर माझा विश्वास नाही, कारण उन्हाळ्यात पंचवीस अंशांचं ताकसुद्धा पहिल्या घोटाला गारच लागतं.

आधी यंत्राशिवाय मोजलं. स्टीलच्या पेल्यात २०० मिली ताक, फ्रीजमधून काढलं तेव्हा ८ अंश, खोली ३३ अंश, डोक्यावर पंखा चालू. दहा मिनिटांत ८ चे १३ झाले. अर्ध्या तासात २०. तासाभराने २६. त्या पहिल्या दहा मिनिटांचाच हिशोब करून बघा, सगळं त्यातच आहे. एवढं ताक एक अंश तापायला साधारण ८४० ज्यूल लागतात. पाच अंश म्हणजे ४२०० ज्यूल, भागिले ६०० सेकंद, म्हणजे ७ वॉट. पेल्याच्या बाजूंनी आणि वरून सात वॉट उष्णता आत घुसत होती. ताक आठ अंशांवरच राहायला हवं असेल, तर तेवढीच उष्णता सतत बाहेर काढणारं काहीतरी हवं.

आता यंत्राकडे काय आहे? जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० पोर्टमधून मिळतात ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० असेल तर ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार. माझ्या मीटरवर आकडा दिसला ४.९ व्होल्ट आणि ०.४५ अँपिअर. सव्वादोन वॉटही नाहीत, आणि त्यातलाही काही हिस्सा पंखाच खाणार. मोबाईलचा मोठा चार्जर लावून पाहिला तरी आकडा जवळपास तोच. लोकांना वाटतं मोठा चार्जर जास्त वीज ढकलतो. तसं नसतं. उपकरण आपल्या गरजेपुरतीच ओढतं, चार्जर फक्त देऊ शकतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीखाली, आत असते ती पेल्टियर चकती, विजेवर उष्णता इकडून तिकडे नेणारी. पॅरिसमध्ये घड्याळं बनवणारा झां पेल्टियर, धंदा सोडून प्रयोगांच्या नादी लागला आणि १८३४ मध्ये त्याच्या लक्षात आलं की दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडातून विजेचा प्रवाह सोडला की एक जोड थंड होतो आणि दुसरा तापतो. पुढे १८३८ मध्ये लेन्झ या भौतिकशास्त्रज्ञाने अशा जोडावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला, आणि प्रवाह उलटा करून तोच थेंब वितळवला. माझ्या यंत्राच्या मागचं थंड-गरम बटण नेमकं हेच करतं. हल्लीच्या चकत्यांमध्ये धातूंऐवजी बिस्मथ टेल्युराइडचे बारीक ठोकळे असतात, पण तत्त्व तेच. ती उष्णता नाहीशी करत नाही, एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकते, आणि स्वतः खाल्लेली वीजही उष्णता म्हणून त्याच बाजूला टाकते. शिवाय हमाली महाग. फ्रीजचा कॉम्प्रेसर एक वॉट खाऊन दीड-दोन वॉट उष्णता सहज उचलतो, पेल्टियर चकतीकडून अशा छोट्या यंत्रात अर्धा वॉट मिळाला तरी बरा म्हणायचं. म्हणजे सात वॉट आत येताहेत आणि बाहेर जातोय फार तर एक.

यंत्रावर पेला ठेवून तासाभराने आकडा आला २४. नुसता ठेवला होता तेव्हा २६. दोन अंशांची कमाई. एक पेला मुद्दाम संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, तो तिशीवर येऊन थांबला. खोली ३३, ताक ३०. यंत्राची खरी ताकद ती तीन अंश.

एक गोष्ट मात्र मला मोजताना दिसली आणि तिची गंमत वाटली. थर्मामीटरचं टोक बुडाशी नेलं की आकडा खाली जाई, वर आणलं की वर. चार अंशांच्या वर पाणी जितकं थंड तितकं जड, त्यामुळे चकतीने गार केलेलं ताक तळाशीच बसून राहतं. ते वर येत नाही, वरचं खाली जात नाही. भांडं खालून तापवलं की आपोआप ढवळलं जातं, खालून थंड केलं की नाही. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा वर असतो तो उगाच नाही. त्यातून पेल्याच्या बुडाची कडा चकतीला टेकते आणि मधला भाग अधांतरी राहतो. शीतपेयाचा कॅन घेतला तर अजूनच वाईट, कारण त्याचं बूड आत वळलेलं असतं. गोल रिंगणाएवढाच स्पर्श, बाकी हवा. चकतीवर पाण्याचे दोन थेंब टाकून पेला ठेवला तर फरक पडतो, करून बघण्यासारखं आहे.

आईने हे सगळं दोन-तीन दुपारी बघितलं आणि म्हणाली, “अरे, त्यापेक्षा एक बर्फाचा खडा टाक की.” मी बर्फाचाही हिशोब केला. ३० ग्रॅमचा एक खडा नुसता वितळताना १० हजार ज्यूल ओढून घेतो. माझ्या यंत्राला तेवढं काम करायला पावणेतीन तास लागतील. ताक पाणचट होतं ही आईच्या सल्ल्यातली एकच खोट, आणि त्यावरही तिचं उत्तर तयार होतं, ताकाचाच बर्फ लाव म्हणून.

इथे थांबायला हरकत नव्हती, पण दोष पेल्टियरचा की यूएसबीचा हे मला बघायचं होतं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. एका दुकानात १२७०६ नंबरची सुटी पेल्टियर चकती मागितली. चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, लाल आणि काळी अशा दोन वायर. १२७ म्हणजे आतल्या जोड्यांची संख्या, ०६ म्हणजे सहा अँपिअर. दुकानदारांनी चकती काउंटरवर ठेवली, पण हात तिच्यावरच ठेवून विचारलं, “हीटसिंक आहे का घरी?” मी म्हटलं बघतो. “बघतो नाही साहेब. हीटसिंकशिवाय नुसती लावून बघाल तर दोन मिनिटांत जाईल, आणि मग परत माझ्याकडेच याल.” हीटसिंक म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा. जुन्या डेस्कटॉपचा पंख्यासकट असा एक घरी होता. त्यांच्याकडून थर्मल पेस्टची (दोन पृष्ठभागांमधली फट भरून उष्णता नीट पुढे जाऊ देणारा लेप) सिरिंज आणि बारा व्होल्टचा सप्लाय घेतला.

जोडाजोडी फार नाही. चकतीच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, खाली हीटसिंक, वर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि कडेने थर्माकोल म्हणजे गरम बाजूची हवा थंड बाजूला लागू नये. सुरू केल्यावर प्रवाह चार अँपिअरच्या आसपास गेला, म्हणजे पन्नासेक वॉट. पाच मिनिटांत पट्टीवर पांढरं दंव धरलं. त्यावर ताक ठेवलं आणि मधून मधून ढवळत राहिलो तर तीसवरून पंधरावर यायला पाऊण तासही लागला नाही. म्हणजे पेल्टियर बिचारा निर्दोष. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआर चाचण्या आपण करून घेतल्या, त्या मशीनमध्ये नमुने झटपट गरम-थंड करायला अशाच चकत्या असतात. काम छोटं आणि वीज भरपूर असली की ती उत्तम.

पण टेबलावर हे चालणार नाही. हीटसिंकमधून बाहेर पडणारा गरम वारा थेट माझ्या मनगटावर येत होता. थंड केलेल्या ताकाची उष्णता अधिक चकतीचे पन्नास वॉट, सगळं माझ्याच खोलीत. दंव वितळून पाणी ठिबकतं, आणि शेजारी लॅपटॉप. बंद केलं की तर कहर. हीटसिंकमध्ये साठलेली उष्णता त्याच चकतीतून उलट वर चढते आणि पेला तापवायला लागते. छोट्या यूएसबी यंत्रातही हे होतं, फक्त हळू. कॉल संपवून लॅपटॉप मिटला आणि पोर्टची वीज गेली की पेला लगेच उचलायचा.

तोवर मला कळलं होतं की आपण चुकीच्या टोकाला जोर लावतोय. ताक फ्रीजमध्ये थंड झालेलंच आहे, ते पुन्हा थंड करायची गरजच नाही. आत येणारे सात वॉट अडवले की झालं. भोक पडलेल्या टाकीत नळ सोडत बसण्यापेक्षा भोक बुजवावं तसं. त्याच स्टीलच्या पेल्याला जुन्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळला आणि वर झाकण ठेवलं. तासाभराने १७. वीज शून्य. दुहेरी भिंतीच्या, मधली हवा काढून टाकलेल्या स्टीलच्या पेल्यात तेच ताक झाकून ठेवलं तर तासाभराने १०. ही युक्ती जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाची, १८९२ ची, द्रवरूप वायू साठवण्यासाठी शोधलेली.

बहीण ठाण्याला राहते, तिला हे सांगितलं तर म्हणाली, “आमच्याकडे तर पेल्याखाली तळं साचतं.” तिथे प्रकरण अजून अवघड आहे. हवेतली वाफ पेल्यावर जमते तेव्हा दर ग्रॅमला साधारण २४०० ज्यूल पेल्याला देऊन जाते. २०० मिली ताकाला ते जवळपास तीन अंश पडतात, आणि एक ग्रॅम म्हणजे पेल्यावरचे वीसेक थेंब. माझं यंत्र संपूर्ण दुपार राबून जे तीन अंश मिळवतं, ते मुंबई-ठाण्याची हवा वीस थेंबांत फस्त करते. झाकण आणि वेष्टनाचा फायदा तिला माझ्याहून जास्त. उलट पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हेच गणित आपल्या बाजूने चालतं. आमच्या माठाला मी थर्मामीटर लावला तर २२ निघाले, खोलीपेक्षा अकरा अंश कमी. यंत्राचे तीन आठवा.

तरीही कुणाला घ्यायचंच असेल तर खोक्यावर अंश बघू नका, वॉट बघा. पाच व्होल्टवर चालणारं असेल तर ते पेपरवेट समजा. यूएसबी-सी पीडीवर (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पोर्टमधून जास्त वीज देण्याची पद्धत) चालणारी यंत्रं वेगळी. त्या पोर्टमधून १०० वॉटपर्यंत आणि २०२१ च्या सुधारणेनंतर २४० वॉटपर्यंत वीज मिळू शकते, त्यामुळे यूएसबी असूनही अंगात दम असतो. मात्र पेला चकतीवर नुसता टेकवायचा नसून बाजूंनी धातूत बसणारा असावा, झाकण असावं आणि गरम वारा मागे जावा. आमच्या टीममधल्या एकाने असं एक घेतलंय. कॅन खरंच थंड राहतो. तो कॉलवर बोलायला लागला की मागून पंखा घोंघावतो आणि कुणीतरी चॅटमध्ये लिहितं, तुझा फ्रीज म्यूट कर रे.