गिलमच्या पुढचा रूळ

विनिपेगहून चर्चिलला जाणारी गाडी सुमारे सतराशे किलोमीटर धावते आणि वाटेत दोन रात्री जातात. चर्चिलला रस्ता नाही. हडसन बेच्या काठावरच्या या गावाला उरलेल्या कॅनडाशी जोडतो तो हा एकच रूळ. तो नसला तर विमान, आणि उन्हाळ्यात जहाज. रुळाखालची गोठलेली जमीन कुठे वितळते आहे हे मोजणं माझं काम. माझी पहिली नोकरी रत्नागिरीकडे, कोकण रेल्वेच्या दरडींवर. तिथे धास्ती पावसाची असायची. इथे उन्हाची असते.

जुलैत याच लाइनवरच्या थॉम्पसनहून संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गिलम गावाला निघालो. पिक्विटोनीला गाडी थांबली. या वस्तीलाही उन्हाळ्यात रेल्वेशिवाय वाट नाही. सामानाच्या डब्याचं दार सरकलं आणि खालच्या माणसांनी हातोहात माल उतरवून घेतला: लंगोटांची खोकी, कुत्र्यांच्या खाद्याची पोती, होडीचं इंजिन, एक फ्रिज. दवाखान्यातून परतणाऱ्या एका आजींना गार्डने हात धरून उतरवलं. त्यांचा नातू चारचाकी स्कूटर घेऊन आला होता. असा एखादा थांबा पाहिला की उशीर झाल्याची तक्रार करावीशी वाटत नाही.

सकाळी गिलमहून हाय-रेल पिकअपने उत्तरेकडे निघालो. ही साधीच गाडी, पण पुढे-मागे रुळाची छोटी चाकं खाली सोडता येतात. सोबत तिथल्या गँगचा, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या टोळीचा, मुकादम होता. क्री या इथल्या आदिवासी समाजातला, साठीच्या घरातला, उभं आयुष्य याच लाइनवर गेलेलं. दोन्ही बाजूंना दलदल आणि काळे स्प्रूस. ते सरळ उभे नसतात. खालची जमीन फुगते-खचते तशी झाडं वाटेल तिकडे कलतात. एकट्या खांबाला जमीन वर ढकलून देते म्हणून तारेचे जुने खांब तीन-तीन वासे बांधून उभे केलेले आहेत. ही लाइन चर्चिलला पोचली 1929 च्या मार्चअखेरीस. शेवटच्या टप्प्यात भर हिवाळ्यात गोठलेल्या दलदलीवरच रूळ टाकत नेले होते.

एका ठिकाणी मुकादमाने ब्रेक मारला. मला काही वेगळं दिसलं नाही. तो उतरला, भरावाच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे पाणी मागच्या आठवड्यात इथं नव्हतं. खालची जमीन गेलीय."

माझी तापमापक तार तिथून जवळच पुरलेली होती. तिचं टोक उपकरणाला जोडलं. मागच्या खेपेला चार मीटर खोलीवर तापमान शून्याच्या जेमतेम खाली होतं, आता वर सरकलं होतं. या पट्ट्यातली गोठलेली जमीन मुळातच शून्याला टेकलेली असते. भराव घालताना वरचं शेवाळ दबलं की तिचं आवरण जातं. हिवाळ्यात भरावाच्या कुशीला बर्फाची दुलई साचते आणि थंडी खाली पोचू देत नाही. उन्हाळ्यात तिथेच पाणी तुंबलं की तेही ऊब धरून ठेवतं.

मग गुडघ्यांवर बसून मुकादमाने स्लीपरखाली पंजा घातला. पंजा सरळ आत गेला. चार-पाच स्लीपर खडीवर टेकलेलेच नव्हते, नुसते रुळाला लटकत होते. वरून रूळ सरळ दिसत होता, पण चाक आलं की तो दबणार होता.

त्याने लगेच रेडिओवरून कंट्रोलला कळवलं आणि कॉशन, म्हणजे वेगाची मर्यादा, लावला. चर्चिलहून संध्याकाळी सुटणारी प्रवासी गाडी रात्री इथूनच जायची होती. दुपारी गँग आली. जॅक लावून रूळ उचलला, खाली खडी भरून ठोकून पॅकिंग केलं, पाण्याला चर काढून वाट दिली. डास इतके, की जाळीतूनही डोळे उघडणं मुश्कील.

"थोडं थांबून पाहता येणार नाही का?" काम सुरू होण्याआधी मी विचारलं होतं. मला आणखी काही तास नोंदी हव्या होत्या.

"सतरा साली तू इथे नव्हतास," मुकादम म्हणाला.

2017 च्या मे महिन्यातल्या पुराने ही लाइन ठिकठिकाणी उखडली. सुमारे दीड वर्ष चर्चिलला गाडी नव्हती. वाणसामान विमानाने, दर गगनाला भिडलेले. पलीकडे अडकलेली प्रवासी गाडी अखेर जहाजावर चढवून बाहेर काढावी लागली. त्याने हे सगळं सांगितलं नाही, मला ते ठाऊक होतं. मी नोंदींचा हट्ट सोडला.

रात्री गाडी आली ती माणसाच्या चालीने. मुकादम मात्र डब्यांकडे बघत नव्हता. उकिडवा बसून प्रत्येक चाकाखाली रूळ किती दबतो ते न्याहाळत होता. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला, "आठवडाभर हीच चाल ठेवायची." तेवढंच रेडिओवर सांगितलं.

अहवालात मी त्याचं निरीक्षण माझ्या आकड्यांच्या वर लिहिलं. तापमापक तार पुरायची पुढची बोअरहोल, म्हणजे खोल भोकं, कुठे घ्यायची हे नकाशावरून आधीच ठरलं होतं. ती रद्द करून, लाइनवरून चालणाऱ्या गँगना विचारून जागा ठरवाव्यात अशी शिफारस केली. ती मान्य झाली, आणि पहिली जागा त्यानेच बूट आपटून दाखवली.