केबल की डिश? आधी गच्चीवर जाऊन या

आज पावसाने उघडीप दिली आणि दिवसभर तोच प्रश्न कानावर: केबल ठेवू की डिश घेऊ?

पॅकची किंमत नंतर बघा, आधी गच्ची बघा. पुण्या-मुंबईतून डीडी फ्री डिशचा उपग्रह (९३.५ अंश पूर्व) आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर असतो. त्या रेषेत शेजारची इमारत किंवा नारळ आडवा येत असेल, तर फ्री डिशचा नाद सोडा.

जोरदार सरीत चित्र गेलं तर घाबरू नका, लहरी पाण्यात शोषल्या जातात. सर ओसरली की परत येतं. रिमझिमीतही जात असेल तर मात्र डिश हललेली असते किंवा एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. तिथे वायरला खाली वळण द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल, आणि वॉटरप्रूफ टेप घट्ट गुंडाळा. कनेक्टर बसवताना वायरच्या बाहेरच्या जाळीचा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होऊन सिग्नल शून्य!

केबलला पावसाचं एवढं भय नाही. पण गल्लीतल्या अॅम्प्लिफायरची (केबलचा सिग्नल वाढवणारा डबा) वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही पडदा काळा. म्हणून लोडशेडिंगच्या गावात मी डिशच सांगते. सह्याद्री आणि बातम्यांवर भागत असेल तर फ्री डिशच घ्या, महिन्याचं भाडंच नाही.