प्रिये पहा, साडेनऊ वाजले

प्रयोग संपला की विंगेपाशी कुणीतरी येतं, बहुतेक कॉलेजातलं, आणि विचारतं, "काका, मूळ सौभद्र असंच व्हायचं का हो?" सौभद्र म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं संगीत नाटक. मी त्यात प्रॉम्प्टर, विंगेतून नटांना विसरलेले शब्द पुरवणारा. हातात पुस्तक असतं, म्हणून मला सगळं ठाऊक असणार असा लोकांचा समज. "नाही रे बाबा, तेव्हा रात्रभर चालायचं," म्हणून मी सुटतो. आज तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा बसून सांगतो.

माझ्याकडची प्रत आजोबांची. मुखपृष्ठ केव्हाच गेलंय. पानोपानी काटछाट आहे आणि ती तीन हातांची: आजोबांची निळी पेन्सिल, काकांची लाल शाई, माझं साधं शिसं. सौभद्रात पदं शंभराच्या वर. आज आम्ही वीस-बावीस म्हणतो. साक्या, दिंड्या ही जुन्या वृत्तांतली छोटी पदं आधी गेली, कारण ती वगळली तरी कथा अडत नाही. मग सूत्रधार-नटीचा प्रवेश आखडला. मला वाटायचं, नाटक कापायचं पाप आमच्याच पिढीचं. पण आजोबांच्या निळ्या अक्षरात एका समासात लिहिलंय: "नारद सर्दीने बेजार. दोन पदे गाळावी." आणि पुढच्याच पानावर: "येथे फर्माईश झाल्यास मानापमानातले एक घ्यावे." द्वारकेच्या नाटकात दुसऱ्याच नाटकातल्या नायिकेचं, भामिनीचं पद! कुणाला खटकलं नसावं.

तेव्हा "मूळ" म्हणजे नक्की कुठलं, हा प्रश्न मी उलट विचारतो. 1882 च्या नोव्हेंबरात पुण्यात किर्लोस्करांनी सौभद्र आणलं तेव्हा पहिले तीनच अंक झाले होते. पाचही अंक पुढच्या वर्षी. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या खेळांत गाणं सूत्रधाराकडे असायचं. पात्रांनी आपापली पदं म्हणायची ही किर्लोस्करांची रीत तेव्हा नवीच होती. आमच्या गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या एकट्या मंगेशी गावाचंच बघा. तिथल्या दीनानाथ मंगेशकरांनी मानापमानातल्या गोविंदराव टेंब्यांच्या काही चाली बदलून स्वतःच्या घातल्या, आणि आज लोक त्याच मूळ म्हणून मागतात. त्याच गावच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी 1964 साली 'मत्स्यगंधा' नाटकाला चाली दिल्या आणि पुढे थोडक्या, आटोपशीर पदांचं नाट्यसंगीत रुळलं. म्हणून पदं कमी झाली याचा मला फारसा राग नाही.

मग बदललं काय? वेळ. म्हणजे ती कुणाच्या हातात आहे, ते.

लहानपणी जत्रेला देवळासमोरच्या मांडवात नाटक असायचं. पालखी आत गेली, आरती झाली, बायका जत्रेतलं खाजं घेऊन हातरीवर, म्हणजे चटईवर, बसल्या की मग नांदी, तोवर मध्यरात्र. आमचे काका सुभद्रा करायचे. दिवसा कुळागरात, पोफळीच्या बागेत, पाणी सोडणारा माणूस रात्री नऊवारी नेसून "वद जाऊ कुणाला शरण" म्हणायचा. वन्समोअर आला की पुन्हा, आला की पुन्हा. पद किती चालणार ते हातरीवरची माणसं ठरवायची. असं करत कृष्ण "प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनी येत उष:काल हा" म्हणायला येई तेव्हा खरोखरच कोंबडा आरवत असे. ते पद देसकारातलं, आणि देसकार सकाळचा राग. पेट्रोमॅक्सची बत्ती फिकी पडायची, मांडवाच्या कडेनं पोफळी दिसू लागायच्या. दिग्दर्शकाला त्यासाठी काही करावं लागत नव्हतं. आता सभागृहात तेच पद रात्री साडेनऊला येतं. प्रकाशयोजनाकार मागच्या पडद्यावर केशरी उजेड चढवतो, छान चढवतो, आणि समोर कुणीतरी पार्किंगचं तिकीट शोधत असतं.

सुभद्रा आता बाईच करते, हे फार चांगलं झालं. काकांचा गळा गोड होता, पण त्यांचं लाजणं बघून आम्ही पोरं हसायचो. फक्त सुरांची पंचाईत झाली. पूर्वी कृष्ण, अर्जुन, सुभद्रा, सगळे पुरुष. पेटीची काळी एक किंवा पांढरी दोन पट्टी, त्यातच रात्र निघायची. आता सुभद्रा बरीच वर, काळी चारला. तबलजीला दोन तबले जुळवून ठेवावे लागतात आणि ऑर्गनवाल्याची पट्टी बदलेपर्यंत मधे एखादं वाक्य मी लांबवायला सांगतो. गालावरच्या माइकमुळे नट स्वगत कुजबुजतात. ते बरंही वाटतं, पण किर्लोस्करांचं वाक्य कुजबुजण्यासाठी लिहिलेलं नाही. अर्ध्यात त्याचा दम जातो.

मांडवातले प्रयोग अजून होतात, पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावर कर्णे बंद. सवलतीच्या दिवशीही फार तर 12. त्यामुळे जत्रेतलं नाटकही आता घड्याळाकडे बघत चालतं. एरवी झोपमोड झालेल्यांची बाजू मला पटते. घरात आजारी माणूस असलं की कळतं.

गेल्या जत्रेला सवलत नव्हती. चौथ्या अंकात दहा वाजले, समितीतल्या एकानं हात वर केला आणि माइक गेले. कुणी उठलं नाही. नट पुढे सरकले, आवाज टाकू लागले, आणि माझं प्रॉम्प्टिंग पहिल्या रांगेला स्वच्छ ऐकू येऊ लागलं. पुढच्या पदाचा पहिला शब्द मी दिला, तर खुर्चीवर बसलेली एक आजी मान हलवून म्हणाली, "न्हय रे, ताचे आदीं साकी आसा." म्हणजे, त्याच्या आधी साकी आहे. आणि थरथरत्या आवाजात तिनं ती सुरूही केली. मी पान उलटलं. लाल शाईची आडवी रेघ, खाली काकांची सही. कृष्ण माझ्याकडे बघत होता, ऑर्गनवाला आजीचा सूर शोधत होता.