भिंगासमोरचा पुठ्ठा

फेब्रुवारी संपत आला की कृष्णाकाठच्या आमच्या गावात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. दहावीच्या मुलांना संध्याकाळी घराबाहेर पडायची बंदी, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत माजी विद्यार्थी मंडळाचा विज्ञान मेळावा. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. या तारखेच्या जवळचा शनिवार धरून सात वाजता सगळे जमायचे. दहावीची मुलंही यायचीच. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायची आणि दिवे लागायच्या आत पसार व्हायची. कागदाच्या पुड्यांतून भडंग वाटलं जायचं, आणि फळ्यावर पांढरी चादर ताणून बसवली की तो आमचा पडदा.

२००५ च्या मेळाव्याला मी पुण्याहून एक डीव्हीडी घेऊन आले. नाव 'द अ‍ॅनिमेट्रिक्स'. 'द मेट्रिक्स' १९९९ साली आला, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी तो तालुक्याच्या थेटरात नव्हे, कुणाच्या तरी घरी सीडीवर पाहिला होता. माणसं यंत्रांच्या कैदेत झोपलेली आहेत आणि झोपेतच त्यांना आपण नोकऱ्या करतोय, संसार करतोय असं वाटतंय, ही त्याची मूळ कल्पना. पुढे २००३ मध्ये मे महिन्यात दुसरा भाग आला, नोव्हेंबरात तिसरा. या दोघांच्या मधे, जूनमध्ये, हा नऊ छोट्या अ‍ॅनिमेशनपटांचा संग्रह निघाला. 'द मेट्रिक्स' लिहिणारी-दिग्दर्शित करणारी वाचोव्स्की भावंडं पहिल्या चित्रपटाच्या निमित्ताने जपानला गेली, तेव्हा ज्यांची कामं पाहून आपण शिकलो त्या तिथल्या अ‍ॅनिमेशनवाल्यांना भेटली, आणि त्यातून हे काम उभं राहिलं. नऊपैकी चार गोष्टी त्यांनी स्वतः लिहिल्या. बाकीच्या दुसऱ्यांच्या हाती दिल्या.

हे सगळं मी धापा टाकत सांगितलं. आमचे विज्ञानाचे सर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे दिवाळी अंकच की. मुखपृष्ठ एक, लिहिणारे वेगळे." मग डीव्हीडीचं वेष्टन उलटंसुलटं करून पाहिलं. "नऊ आहेत ना? मग घाई कसली? दर वर्षी एक लावू."

सगळे नऊ मिळून पावणेदोन तासही होत नाहीत. एका रात्रीत संपले असते आणि विसरलोही असतो. सरांनी ते आम्हांला वर्षानुवर्षं पुरवले.

पहिला होता 'फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस'. सुरुवातीलाच डोळ्यांवर पट्टी बांधलेले दोघं तलवारीचा सराव करतात, आणि प्रत्येक वारासरशी एकमेकांच्या अंगावरचे कपडे कापत जातात. पुढच्या रांगेत पाचवी-सहावीची पोरं. सरांनी टेबलावरचा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उचलला आणि प्रोजेक्टरच्या भिंगासमोर धरला. चादर काळी. पोरांनी गिल्ला केला. अंधारात सरांचा आवाज आला, "तलवारबाजी चालू आहे. बाई वरचढ ठरतेय. थांबा जरा." तेव्हापासून तो पुठ्ठा मेळाव्याच्या सामानात गेला. वर्षभर कपाटात, चंचुपात्रांच्या मागे.

संवाद इंग्रजी, त्यामुळे सर पडद्याच्या बाजूला उभं राहून मराठीत सांगत जायचे. शब्दाला शब्द नाही. कीर्तनकार आख्यान लावतात तसं, मधे थांबून, मागचा संदर्भ देऊन. झायन हे माणसांचं शेवटचं शहर. त्याच्या डोक्यावर अडीच लाख यंत्रं जमली आहेत, हे ओसायरिस जहाजावरच्या माणसांना दिसतं. निरोप पोचवायचा तर एकीने त्या खोट्या जगात उतरायचं आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकायचं. ती टाकते. जहाज मात्र वाचत नाही.

दिवे लागले. आमच्या मंडळात एक निवृत्त पोस्टमास्तर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते उठून उभे राहिले. "पोचलं का ते?"

मी सांगितलं, पोचलं काका. मोठ्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात जहाजांचे कप्तान त्या निरोपावरच बैठक घेतात. ते "मग झालं तर" म्हणाले आणि खाली बसले. या संग्रहाचं सगळं मर्म मला त्या प्रश्नात सापडलं. मोठ्या चित्रपटात दोन वाक्यांत उरकलेली गोष्ट इथे कुणीतरी जीव ओतून, माणसांच्या चेहऱ्यांसकट दाखवली होती. ते चेहरे होनोलुलूच्या ज्या स्टुडिओने संगणकावर घडवले, त्याचा २००१ चा पूर्ण लांबीचा चित्रपट आपटला होता. 'ओसायरिस' हे त्याचं अखेरचं काम. हे कळल्यावर ती पोस्टाची पेटी मला वेगळीच दिसायला लागली.

२००६ ला 'द सेकंड रेनेसाँ'चे दोन्ही भाग ठरले होते. माहिरो माएदा यांचं काम. यंत्रं आणि माणसं एकमेकांच्या जिवावर कशी उठली, याचा जुन्या दप्तरातून काढल्यासारखा इतिहास. पण ती भारनियमनाची वर्षं. पहिला भाग जेमतेम रंगात आला आणि वीज गेली. बी१-६६ईआर नावाच्या घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाने मालकाला मारलेलं असतं. मालक त्याला मोडीत काढणार होता, आणि त्याला मरायचं नव्हतं, एवढंच तो कोर्टात सांगतो. नेमकं इथेच थांबलं.

कुणीतरी मेणबत्ती लावायला उठलं, सरांनी बसवलं. "वकीलसाहेब, आरोपीतर्फे कोण?" मंडळातले वकील काका तालुका कोर्टात फौजदारी चालवायचे. ते खरंच उभे राहिले आणि अंधारात पंधरा-वीस मिनिटं त्या यंत्रासाठी बोलले. स्वसंरक्षणाचा हक्क कुणाला असतो, मालमत्तेला जीव असतो का, पूर्वी माणसांनाही मालमत्ता समजत होते तेव्हा कोर्टांनी काय केलं. समोरून एका आजींनी विचारलं, "पण मेलेल्याच्या घरच्यांनी काय करायचं?" त्यावर वकील काका गप्प झाले. वीज नऊनंतर आली. पुढे सिनेमात त्या यंत्राला दोषी ठरवतात, दंगली होतात, यंत्रं झिरो-वन नावाचं आपलं शहर वसवतात, युद्ध होतं आणि शेवटी माणसंच सूर्य झाकण्यासाठी आकाश काळं करून टाकतात. पुठ्ठा त्या रात्री कितीदा वर गेला याची गणती नाही. काही दृश्यं मोठ्यांनीही पाहवत नाहीत अशी आहेत.

'किड्स स्टोरी' आम्ही मेळाव्यात लावलीच नाही. त्यातला शाळकरी मुलगा शाळेच्या गच्चीवरून स्वतःला झोकून देतो आणि खऱ्या जगात जागा होतो. शाळेच्याच खोलीत, मुलांसमोर हे दाखवायचं नाही, असं सरांनी एका वाक्यात संपवलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

'वर्ल्ड रेकॉर्ड' पी.टी.च्या सरांनी सलग तीनदा लावायला लावला. धावपटू डॅन डेव्हिस शंभर मीटर इतक्या जिवाच्या आकांताने धावतो की मांडीचे स्नायू फाटतात आणि क्षणभर त्याला झोपेतून जाग येते. ताकेशी कोइके यांची ती जाड काळी सावली, पिळवटलेले चेहरे, रबरासारखे ताणलेले पाय. पी.टी.चे सर चादरीजवळ जाऊन बोटाने दाखवत होते, "बघा, दम इथे धरलाय. इथे सोडला." शेवटी चाकाच्या खुर्चीतला डॅन सगळ्यांसमोर उठून उभा राहतो, तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत.

माझ्या सगळ्यांत जवळचा 'बियाँड'. कोजी मोरिमोतो यांचा. योको नावाच्या मुलीचं मांजर हरवतं. शोधत ती एका पडक्या घरात पोचते, तिथे आसपासची पोरं आधीच खेळत असतात. त्या घरात जगाचे नियम बिघडलेत. वर ऊन आणि आत पाऊस. बाटली फुटते आणि आपोआप परत जुळते. पोरं उंचावरून उड्या मारतात आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर तरंगत थांबतात. कुणी घाबरत नाही, सगळे खिदळतात. शेवटी काळ्या कपड्यांतली माणसं येऊन सगळं 'दुरुस्त' करतात, त्या जागी गाड्या लावायचं पटांगण होतं. दुरुस्ती या शब्दाची भीती मला तिथे पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घाटाशेजारच्या पडक्या वाड्यात पंधरा-वीस पोरं जमली. कुणी सरबताची बाटली आणली होती, कुणी औषधाची. एकेक करून सगळ्या फोडल्या. एक जण अर्ध्या भिंतीवरून उडी मारून गुडघे फोडून घेऊन आला. सोमवारी आया शाळेत. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, माफी मागितली आणि मग त्या पोरांना प्रयोगशाळेत बोलावलं. आम्हांला वाटलं, आता छड्या. मी रजा काढून गावीच होते, दारात उभी राहून बघत होते.

"बाटली परत जुळली नाही, हे कुणी कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?"

सगळे हात वर.

"किती बाटल्या?"

"अकरा, सर."

"मग फळ्यावर लिहा. अकरापैकी शून्य." आणि स्वतः खाली वाकून एका पोराच्या गुडघ्याला आयोडीन लावायला लागले.

२०१२ पर्यंत संग्रह संपला. मेळावा चालूच राहिला, मोबाईल आल्यावर गर्दी थोडी रोडावली. पोस्टमास्तर काका गेले. प्रयोगशाळेत खरा पडदा आला, इन्व्हर्टर आला.

२०२४ च्या मेळाव्यात आमच्यापेक्षा धाकट्या बॅचने 'स्टार वॉर्स: व्हिजन्स'च्या दुसऱ्या खंडातली एक गोष्ट निवडली. बेत तोच, एका मोठ्या चित्रपटमालिकेचं अंगण वेगवेगळ्या स्टुडिओंना मोकळं करून द्यायचं. २०२१ च्या पहिल्या खंडात सगळे जपानी होते. ४ मे २०२३ ला आलेल्या दुसऱ्यात आयर्लंड, चिली, दक्षिण आफ्रिका असे देशोदेशीचे, आणि आपल्या मुंबईचा एटी-एट पिक्चर्स. ईशान शुक्ला यांनी दिग्दर्शित केलेली 'द बँडिट्स ऑफ गोलक'. भाऊ-बहीण जीव मुठीत धरून आगगाडीने निघालेत, आणि पुढे त्यांना थारा मिळतो तो एका ढाब्यावर. पडद्यावर ढाबा आला तशी मागून आवाज आला, "अगं, हे तर आपलंच!"

सर आता ऐंशीच्या पुढे. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. निवेदन दहावीतली एक मुलगी करत होती, ती परवानगी काढून आली होती. ढाब्यावर मारामारी सुरू झाली तसा सरांचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप वर उचलला गेला. शेजारी बसलेल्या सहावीतल्या पोराने तो पाहिला, आणि त्यांना पाणी हवंय असं समजून धावत जाऊन तांब्या घेऊन आला.