बाबांच्या संगणकाची डागडुजी

आजची दुपार बाबांच्या विंडोज 11 संगणकापुढे गेली. सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन अक्षरांचा आकार 100 वरून 130 टक्के केला, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मेनूतील बारीक ओळीही वाचून दाखवल्या. संगणक सुरू होताच आपणहून उघडणारे नको ते प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद केले. खरी सोय मात्र ‘विंडोज’ आणि ‘व्ही’ ही बटणे एकत्र दाबण्यात आहे: ही सुविधा एकदा सुरू केली की कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी समोर येतात, आणि सोसायटीच्या पत्रांत वारंवार लागणारा पत्ता तिथे पिन करून ठेवल्यास संगणक बंद केल्यावरही तो पुसला जात नाही. (पासवर्ड मात्र तिथे मुळीच ठेवू नयेत.) मराठी फोनेटिक कीबोर्डही (उच्चारानुसार इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहिण्याची सोय) सेटिंग्जमधून जोडून दिला; ‘विंडोज’ आणि स्पेसबार दाबताच भाषा बदलते.